काम कंपनीचं, प्रोजेक्ट तुमचा

अप्रेंटिस म्हणून कंपनीत रुजू असताना पदवीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करायचा, म्हणजे दोन साहेब सांभाळायचे. कंपनीतल्या मेंटॉरला काम चालू झालेलं हवं असतं. ते कसं झालं याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. कॉलेजातल्या गाइडचं उलट. तुमचं सॉफ्टवेअर उद्या बंद पडलं तरी त्यांचं काही अडत नाही, पण हाच मार्ग का निवडला, दुसरा का सोडला आणि फरक पडला असं कशावरून म्हणता, याची उत्तरं त्यांना कागदावर हवी असतात. बरीच हुशार मुलंमुली इथेच घसरतात. वर्षभर कंपनीत उत्तम राबतात आणि एप्रिलमध्ये त्याच राबण्याचं वर्णन ब्लॅक बुकमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या अहवालात, बांधून देतात. मेंटॉर खूश होतो आणि एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, विचारतो, ‘हे सगळं ठीक आहे, पण यात तू काय केलंस?’

मी दोन्हीकडे बसतो. पुण्याजवळच्या एका कारखान्याच्या आयटी विभागात अप्रेंटिसांचा मेंटॉर म्हणून, आणि अधूनमधून व्हायव्हाला एक्सटर्नल म्हणून. त्यामुळे हा लेख थोडा एकांगी वाटेल. पायथन की जावा, क्लाउड की कंपनीचा सर्व्हर, यावर यात फार काही नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा बरं कळतं. परवानगी, डेटा, नोंदी, तारखा अशा रटाळ गोष्टींवर मात्र बरंच आहे, कारण प्रोजेक्ट बुडताना मी पाहिले ते बहुतेक याच गोष्टींपायी.

कागद आधी

आपल्याकडचा अप्रेंटिसशिपचा कायदा १९६१चा. १९७३च्या दुरुस्तीने त्यात इंजिनिअरिंगचे पदवीधर आणि पदविकाधारक आले. २०१९च्या नियमांनी ‘डिग्री अप्रेंटिस’ हा वर्ग मान्य केला, म्हणजे पदवी घेता घेताच कंपनीत प्रशिक्षण घेणारा, आणि त्याचं किमान विद्यावेतन दरमहा ९,००० रुपये ठरवलं. आता यूजीसीच्या अप्रेंटिसशिपयुक्त पदवी अभ्यासक्रमांमुळे चाकण-हिंजवडीतच नव्हे, वाळूज, अंबड, बुटीबोरी, गोकुळ शिरगाव, गोव्यात वेर्णा, अशा सगळ्या वसाहतींत ही मुलं दिसू लागतील.

कायद्यांतल्या दोन गोष्टी प्रोजेक्टच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत आणि त्या सहसा कोणी सांगत नाही. पहिली अप्रेंटिसशिपच्या कायद्याच्या कलम १८ मध्ये आहे. अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी असतो, कामगार नसतो. रजेवर गेलेल्या माणसाची जागा भरायला तुम्हाला आठवड्यामागून आठवडे उभं करत असतील, तर ते प्रशिक्षण नव्हे, आणि एचआरला हे नम्रपणे सांगायला हरकत नाही. भांडायची गरज पडत नाही. ‘प्रोजेक्टसाठी आठवड्यातून ठरलेला अर्धा दिवस मिळेल का? कॉलेजला कळवायचं आहे,’ एवढा एक मेल पुरतो. कॉलेजचं नाव घेतलं की एचआर जरा सावध होतं.

दुसरी गोष्ट कॉपीराइटची. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकरीच्या किंवा अप्रेंटिसशिपच्या कराराखाली काम करताना तुम्ही जे लिहिता, त्याची पहिली मालक कंपनी असते. करारात वेगळं ठरलं असेल तर गोष्ट निराळी. अप्रेंटिसशिपचा उल्लेख कलमात स्पष्ट आहे, त्यामुळे ‘मी काय पगारी नोकर नाही’ हा बचाव चालत नाही. याचा अर्थ असा की कंपनीसाठी लिहिलेला कोड स्वतःच्या गिटहबवर टाकता येत नाही, मित्राला ‘बघ जरा’ म्हणून पाठवता येत नाही आणि विचारल्याशिवाय ब्लॅक बुकच्या परिशिष्टातही छापता येत नाही.

म्हणून विषय मंजूर होतो त्याच आठवड्यात तीन गोष्टींची लेखी परवानगी मागा: अहवाल कॉलेजला देणं, त्यात कोडचे निवडक तुकडे छापणं आणि व्हायव्हाला डेमो दाखवणं. तिन्ही वेगवेगळ्या आहेत. अहवालाला ‘हो’ म्हणणारी कंपनी डेमोला ‘नाही’ म्हणू शकते. हे मार्चअखेर कळण्यापेक्षा सप्टेंबरात कळलेलं बरं, कारण सप्टेंबरात विषय बदलता येतो.

विषय किती मोठा

कंपनीचा जीव ज्यात अडकला आहे ते काम प्रोजेक्ट म्हणून घेऊ नका. डिस्पॅचचं बिल ज्या प्रणालीतून निघतं, तिला तुमचा हात लागू देणार नाहीत, आणि लागू दिलाच तर पहिली अडचण आली की सीनियर माणूस येऊन ते काम ताब्यात घेईल. त्यानंतर ‘यात तुझं काय’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही. दुसरीकडे, ज्याची कोणालाच गरज नाही असंही काम घेऊ नका. मेंटॉरला वेळ नसतो तेव्हा तो अशीच कामं देतो: ‘एक डॅशबोर्ड बनव.’ डॅशबोर्ड कोणासाठी, हे विचारलं की गप्प.

मला चांगला विषय ओळखायची एकच खूण माहीत आहे. कंपनीत असा एखादा माणूस हवा, ज्याचा रोजचा अर्धा तास त्या अडचणीपायी वाया जातो आणि तो त्याबद्दल तुमच्याकडे आपण होऊन कुरकुर करतो. स्टोअरमधला क्लार्क असेल, क्वालिटीचा इन्स्पेक्टर असेल, शिफ्ट सुपरवायझर असेल. असा माणूस मिळाला की त्याला धरून राहा. डेटा तोच देईल, चाचणीही तोच करेल आणि तुमचं काम चुकलं तर पहिल्यांदा तोच सांगेल.

आता एक उदाहरण जवळून पाहू. एका अप्रेंटिसने सुरुवातीला लिहिलेला विषय होता, ‘एआय-आधारित स्मार्ट फॅक्टरी देखरेख प्रणाली’. कॉलेजच्या फॉर्मवर छान दिसतो. पण त्यात कोणती मशीन, कशाची देखरेख, कोणासाठी, यातलं काहीच नाही. तीन बैठकांनंतर तो असा झाला: ‘एका लाइनवरच्या तीन सीएनसी मशीनच्या थांब्यांची नोंद रजिस्टरऐवजी टॅबवर घेणे आणि शिफ्ट संपताना सुपरवायझरला कारणवार अहवाल देणे’. वाचायला कंटाळवाणा, करायला उत्तम. मशीन मोजून तीन, वापरणारा माणूस ठरलेला, आधीची पद्धत ठाऊक असलेली, त्यामुळे नंतर तुलना करता येते. एआय कुठे गेलं, असं गाइडनी विचारलंच. त्यावरचं उत्तर असं होतं की डेटा विश्वासार्ह झाल्याशिवाय अंदाज बांधण्यात अर्थ नाही, आणि आज तो विश्वासार्ह नाही हे दाखवणं हाच प्रोजेक्टचा पहिला भाग आहे. गाइडना ते पटलं. पटवून देता आलं, यालाही गुण असतात.

विषयाबरोबर ‘हे करणार नाही’ अशी यादीही लिहा. ईआरपीला जोडणार नाही, मोबाइल अॅप करणार नाही, चौथं मशीन घेणार नाही. डिसेंबरात प्लँट हेड येऊन ‘अरे, हे सगळ्याच लाइनला लावू या’ म्हणतात, तेव्हा ही यादी कामाला येते. त्यांना नाही म्हणायचं नसतं. ‘हो सर, दुसऱ्या टप्प्यात घेतो, कॉलेजला पहिला टप्पा कळवला आहे,’ असं म्हणायचं असतं.

रजिस्टर उघडल्यावर

कॉलेजात मिळणारे डेटासेट धुतलेले असतात. कंपनीतला डेटा कसा असतो, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला धक्का बसतो. वरच्या उदाहरणातलंच थांब्यांचं रजिस्टर घ्या. रकाने पाच: तारीख, मशीन, बंद वेळ, चालू वेळ, कारण. कारणाच्या रकान्यात सगळ्यात जास्त वेळा आलेला शब्द ‘इतर’. त्याखालोखाल ‘वरीलप्रमाणे’. ऑपरेटर आळशी असतात म्हणून नव्हे. छापील यादीत दिलेली कारणं दहा वर्षांपूर्वीच्या मशीनची आहेत, आणि आज मशीन ज्या कारणाने थांबतं ते त्या यादीत नाहीच. शॉपफ्लोअरवर दोन तास उभं राहिलं की हे कळतं. एक्सेलकडे बघत बसलं तर महिनाभर कळत नाही.

मग वेळेचा घोळ. तिसरी शिफ्ट रात्री अकरा ते सकाळी सात. मशीन ११:४० ला थांबलं आणि १२:२० ला सुरू झालं, म्हणजे थांबा ४० मिनिटांचा. पण रजिस्टरमध्ये तारीख एकच लिहिलेली, शिफ्ट सुरू झाली त्या दिवशीची. सरळ वजाबाकी करणारा प्रोग्रॅम उत्तर देतो उणे १,४०० मिनिटं. अशा दहा ओळी सरासरीत मिसळल्या की तुमचा सुंदर आलेख खोटं बोलू लागतो, आणि तो खोटं बोलतोय हे दिसतही नाही. तारखांचंही तसंच. ०३/०४ ही आपल्यासाठी ३ एप्रिल, पण अमेरिकन मांडणीवर ठेवलेल्या एक्सेलला ती ४ मार्च वाटते. तेरा तारखेपासून पुढे एक्सेलला ती तारीखच वाटत नाही, म्हणून अर्धा रकाना मजकूर म्हणून पडून राहतो. शिवाय मशीनच्या कंट्रोलरचं घड्याळ आणि सर्व्हरचं घड्याळ जुळत असेल असं गृहीत धरू नका. दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

ही सगळी साफसफाई विद्यार्थी अहवालात एका ओळीत उरकतात: ‘डेटा स्वच्छ करण्यात आला.’ माझ्या मते प्रोजेक्टमधला सगळ्यात गुण मिळवून देणारा भाग हाच आहे आणि तोच वाया जातो. किती ओळी होत्या, किती टाकल्या, का टाकल्या, मध्यरात्रीचा नियम काय लावला, ‘इतर’चं काय केलं, हे सविस्तर लिहा. याची दोन पानं परीक्षकाला तुमच्याबद्दल जे सांगतात, ते पायथनच्या इतिहासाची दहा पानं सांगत नाहीत.

आधीचा आकडा आधीच घ्या. ही सूचना साधी आहे आणि तरी बहुतेक जण विसरतात. नवी पद्धत लागू झाली की जुनी पद्धत मोजता येत नाही. सुपरवायझरला शिफ्टचा अहवाल हाताने करायला किती वेळ लागतो, त्यात किती नोंदी सुटतात, हे दोन-तीन आठवडे शेजारी उभं राहून मोजून ठेवा, आणि मगच टॅब हातात द्या. नाहीतर शेवटी ‘वेळेची मोठी बचत झाली’ असं मोघम वाक्य लिहावं लागतं आणि एक्सटर्नल नेमकं त्याच्यावर बोट ठेवतो. बचत झाली नाही असं निघालं तरी घाबरू नका. बचत का झाली नाही याचं नीट उत्तर असलेला प्रोजेक्ट मी पूर्ण गुण देऊन पास केला आहे.

वापरणाऱ्यांचं मत घेताना आपल्याच विभागातल्या पाच मित्रांकडून ‘खूप छान’ असं लिहून घेणं थांबवा. जॉन ब्रूक यांनी १९८६ मध्ये बनवलेली दहा विधानांची ‘सिस्टिम युजॅबिलिटी स्केल’ ही प्रश्नावली आजही जगभर वापरतात आणि ती पाच मिनिटांत भरून होते. मात्र ती इंग्रजीत देऊ नका. लाइनवर अर्धी माणसं मराठी आणि अर्धी हिंदी बोलणारी असतील, तर दोन्ही भाषांत करा आणि आधी एकाला मोठ्याने वाचून दाखवा. जिथे तो ‘म्हणजे काय?’ म्हणेल तिथलं वाक्य बदला.

नोंदवही

प्रोजेक्ट सुरू होईल त्या दिवशी एक वही किंवा एक साधी फाइल उघडा आणि निर्णय घेतला की चार ओळी लिहा: काय ठरवायचं होतं, पर्याय कोणते होते, काय निवडलं, का. तारीख टाका. बस्स. रोज लिहायची गरज नाही. निर्णय रोज होत नसतात. पण झाला त्याच दिवशी लिहिला पाहिजे. सहा महिन्यांनी आपण मायएसक्यूएल का निवडलं हे आठवत नाही, आणि मग अहवालात ‘मायएसक्यूएल हा लोकप्रिय, जलद व सुरक्षित डेटाबेस आहे’ असं कुठूनतरी उतरवलेलं वाक्य येतं. खरं कारण कदाचित असं होतं की आयटी विभागाकडे त्याचाच बॅकअप घ्यायची सोय होती. ते कारण लोकप्रियतेपेक्षा शंभर पट चांगलं आहे. ते लिहा.

तयार सॉफ्टवेअर का घेतलं नाही, हाही निर्णय आहे. कंपनीकडे ईआरपी असतं, त्यात हे काम करणारं मॉड्यूल बहुधा असतंच. ते घेतलेलं नसतं किंवा घेऊन पडलेलं असतं. का, ते विचारा. परवाना महाग असेल, ऑपरेटरला लॉगिन नसेल, मागच्या वेळी लावलं तेव्हा लाइन थांबली असेल. पूर्वीच्या कामांचा आढावा म्हणून दहा शोधनिबंधांचे सारांश एकाखाली एक चिकटवण्यापेक्षा हा आढावा जास्त मोलाचा. निबंध वाचा, पण तुमच्या निर्णयाला ज्यांचा उपयोग झाला तेवढेच अहवालात आणा.

कार्यपद्धतीबद्दल एक तक्रार करून घेतो. निम्म्या अहवालांत ‘आम्ही अजाइल वापरलं’ असं असतं, सोबत इंटरनेटवरचं वर्तुळाचं चित्र असतं, आणि स्प्रिंटची एकही नोंद नसते. उरलेल्या निम्म्यांत वॉटरफॉलचा जिना असतो, जो विन्स्टन रॉइस यांच्या १९७०च्या निबंधाच्या नावावर खपतो. रॉइस यांनी त्यातच तो सरळ उतरता जिना धोक्याचा असल्याचं बजावलं होतं, हे कोणी वाचत नाही. तुम्ही दर शुक्रवारी सुपरवायझरला दाखवून सोमवारी दुरुस्त केलं असेल, तर तेच तसंच लिहा. त्याला नाव देता आलं तर द्या, नाही दिलं तरी चालेल.

बैठक झाली की त्याच दिवशी मेंटॉरला छोटा मेल टाका. मेल इंग्रजीत जाईल, पण मजकूर एवढाच: आज ठरलं ते असं, मी अमुक तारखेपर्यंत अमुक करतो, तुमच्याकडून सर्व्हरचा अॅक्सेस हवा आहे, काही चुकलं असेल तर सांगा. कोणी उत्तर देत नाही, तरी टाका. आयटीत आणि कारखान्यांतही माणसं नोकऱ्या बदलतात. वर्षात एकदा मेंटॉर बदलेल असं धरूनच चाला. नवा मेंटॉर विचारतो, ‘हे कोणी सांगितलं होतं?’ तेव्हा मेलच उत्तर देतो. गाइडनाही महिन्यातून एकदा याच मेलचा सारांश पाठवा. एरवी गाइड आणि मेंटॉर एकमेकांशी बोलतात ते थेट व्हायव्हाच्या दिवशी, आणि तेही चहा घेताना.

कॅलेंडर

कंपनीचं वर्ष आणि विद्यापीठाचं वर्ष जुळत नाही. विद्यापीठाचा शेवट एप्रिल-मेमध्ये, आणि त्याच्या आधीचा मार्च हा कंपनीत कोणाशीही बोलायचा महिना नसतो: वर्षअखेर, स्टॉक मोजणी, ऑडिट. बऱ्याच ठिकाणी त्या काळात चालू सिस्टिममध्ये कसलाही बदल करायला बंदी असते. म्हणजे तुमचं काम प्रत्यक्ष लाइनवर जायचं असेल तर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत गेलं पाहिजे. त्याआधी दसरा-दिवाळी. खंडेनवमीला मशीनला हार घातलेला असतो आणि दिवाळीच्या आठवड्यात प्लँट बंद. मेंटेनन्सची माणसं मात्र त्याच आठवड्यात कामावर सापडतात, कारण मोठी दुरुस्ती तेव्हाच निघते. सेन्सर बसवायचा, केबल ओढायची, असं काही असेल तर ते दिवाळीआधी ठरवून ठेवा.

लिखाणाचा वेळ वेगळा काढा. पहिल्या शिफ्टला सकाळी सहाची कंपनीची बस, घरी परत चार-साडेचार. त्यानंतर ‘रोज थोडं थोडं लिहू’ हे होत नाही. ज्यांचं होतं ते बहुतेक रविवारची सकाळ राखून ठेवतात आणि घरच्यांना तसं सांगतात. ‘अभ्यास आहे’ म्हटलं की घरी समजतं. ‘कंपनीचं काम आहे’ म्हटलं की म्हणतात, सुट्टीच्या दिवशी कसलं काम.

काय लपवायचं, काय दाखवायचं

ब्लॅक बुक कॉलेजच्या लायब्ररीत जातं आणि तिथे ते पुढच्या वर्षीची मुलं वाचतात. त्यातल्या काहींच्या कंपन्या तुमच्या कंपनीच्या स्पर्धक असतात. तेव्हा ग्राहकांची नावं, पार्ट नंबर, दर, रोजचं उत्पादन, नेटवर्कचे पत्ते, पासवर्ड (हो, पासवर्डसुद्धा, कोडच्या स्क्रीनशॉटमध्ये ठळक दिसतात) हे सगळं काढा. मशीनला अ, ब, क म्हणा. उत्पादनाचा खरा आकडा द्यायचा नसेल तर पहिल्या आठवड्याचा आकडा शंभर धरून बाकीचे त्या प्रमाणात मांडा. तुलना शाबूत राहते आणि कंपनीचं गुपितही. माणसांची माहिती असेल तर आणखी काळजी घ्या. व्यक्तिगत डेटाचा कायदा २०२३ मध्ये आला आहे, आणि ‘कोणत्या ऑपरेटरचं मशीन जास्त थांबतं’ असा तक्ता अहवालात छापणं कायद्याच्या आधी माणुसकीलाच धरून नाही. ज्यांनी तुम्हाला टॅब वापरून दाखवला त्यांच्यावरच तो तक्ता उलटू देऊ नका. कच्चा मसुदा कंपनीला निदान महिनाभर आधी वाचायला द्या. मेंटॉर दोन दिवसांत वाचेल, लीगल विभाग तीन आठवडे घेईल.

एआयच्या साधनांबद्दल दोन वेगळे नियम असतात आणि दोन्ही पाळायचे असतात. कॉलेजचा नियम तुम्ही काय लिहून घेतलं याबद्दल असतो, कंपनीचा नियम तुम्ही त्यात काय टाकलं याबद्दल. २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही अभियंत्यांनी कंपनीचा अंतर्गत कोड चॅटजीपीटीत टाकल्याच्या बातम्या आल्या आणि कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली. तेव्हा कंपनीचा कोड किंवा डेटा बाहेरच्या साधनात पेस्ट करण्याआधी आयटीला विचारा, आणि परवानगीने वापरलं असेल तर अहवालात कुठे, कशासाठी ते लिहा. लपवलेलं व्हायव्हात पाच मिनिटांत कळतं. एखाद्या फंक्शनवर बोट ठेवून ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ एवढंच विचारावं लागतं.

लिहिताना आपल्याला ‘आम्ही’ आणि ‘करण्यात आलं’ यांची फार सवय असते. एरवी तो विनय शोभतो, इथे त्याने नुकसान होतं. कंपनीत काम टीमचंच असतं, आणि परीक्षकाला तुमचा वाटा वेगळा काढून हवा असतो. सर्व्हर आयटी विभागाने दिला, टॅबचं कव्हर मेंटेनन्सने बनवलं, डेटाबेसचा आराखडा मी केला, कारणांची नवी यादी मी आणि सुपरवायझरने मिळून केली: अशी सरळ वाक्यं लिहा. इतरांना श्रेय दिल्याने तुमचं कमी होत नाही. उलट तुम्ही जे ‘माझं’ म्हणता त्यावर विश्वास बसतो.

कंपनीने प्रोजेक्ट मधेच थांबवला तर? असं होतं. लाइन दुसऱ्या प्लँटला हलते, बजेट जातं, वरचा माणूस बदलतो. त्या दिवशीच गाइडना लेखी कळवा. विद्यापीठ कंपनीच्या निर्णयासाठी तुम्हाला नापास करत नाही. पण हाती काय आहे ते दाखवावं लागतं. नोंदवही, आधीचे आकडे, साफ केलेला डेटा आणि एखादा चालणारा लहान भाग एवढं असेल, तर बनावट डेटावर उरलेली चाचणी करून प्रोजेक्ट पूर्ण होऊ शकतो. यासाठीच कामाचे तुकडे असे पाडा की प्रत्येक तुकडा एकटाही उभा राहील.

शेवटचे पंधरा दिवस

व्हायव्हाच्या खोलीत कंपनीचं नेटवर्क उघडणार नाही. व्हीपीएन चालेल या भरवशावर जाऊ नका. बनावट डेटा भरलेली, इंटरनेटशिवाय चालणारी प्रत आयटीला विचारून करून घ्या, आणि लाइनवर खरी प्रणाली चालतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ परवानगीने काढून ठेवा. बऱ्याच कंपन्यांत गेटवरच मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लागतो आणि लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट बंद असतात, त्यामुळे हा व्हिडिओ आणि स्क्रीनशॉट बाहेर कसे न्यायचे याचा अधिकृत मार्ग आधी ठरवा. लपूनछपून काढलेला फोटो अहवालात छापणारा विद्यार्थी स्वतःच्या विरुद्ध पुरावा बांधून देत असतो.

प्रश्नांची तयारी करायची तर तीनच पुरेत. यात तुझं काय? हेच का, ते का नाही? पुन्हा करायचं झालं तर काय बदलशील? तिसऱ्या प्रश्नाला ‘काही नाही सर’ हे सगळ्यात वाईट उत्तर. ‘भविष्यात एआय जोडू’ हे त्याच्या खालोखाल.

कंपनीतल्या शेवटच्या तारखेकडे मात्र बारीक लक्ष ठेवा. त्या संध्याकाळी तुमचं लॉगिन बंद होतं, लॅपटॉप जमा होतो आणि मेल गायब. अहवाल जमा करायची तारीख त्यानंतरची असेल, तर मंजूर झालेले तक्ते, चित्रं, परवानगीचे मेल आणि नोंदवहीची प्रत त्याआधीच, मेंटॉरच्या मंजुरीने, तुमच्याकडे आलेली हवी. मेंटॉरची सही आणि कंपनीचा शिक्का असलेलं पत्रही त्याच आठवड्यात घ्या. कॉलेजचा ठरलेला नमुना असेल तर तो छापून, तुमचा भाग भरून त्यांच्या टेबलावर ठेवा. सोबत सुपरवायझरसाठी एक पान करा, मराठीत आणि हिंदीत: टॅब अडकला तर काय करायचं, नवं कारण यादीत कसं घालायचं, कोणाला फोन करायचा. फोन नंबर आयटी विभागाचा टाका, स्वतःचा नको.